एक टीबीचा मृतसाठा

आमच्या घरात तीन आकडे सगळ्यांना पाठ होते. ९३४.४४, ८०९.७७ आणि १२४.६७. पप्पा येलदरी धरणावर पाटबंधारे खात्यात नोकरीला होते, आणि आम्ही वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. पहिला आकडा धरणाचा एकूण साठा, दलघमीमध्ये, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. दुसरा जिवंत साठा, म्हणजे जे पाणी खाली सोडता येतं ते. तिसरा मृतसाठा. तो दरवाजाच्या तळाच्याही खाली असतो. तिथं पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, पण नेहमीच्या वाटेनं बाहेर काढता येत नाही. गाळही तिथंच साचतो.

लहानपणी मला वाटायचं, मृतसाठा सांगायचाच कशाला? ९३४ म्हणा आणि मोकळे व्हा. १९६८ सालचं एवढं मोठं धरण, दहा दरवाजे, मोठाच आकडा शोभून दिसेल. पप्पांना विचारलं तर म्हणाले, "खाली सिद्धेश्वर आहे, तिथून कालवा आहे, कालव्यावर लोक आहेत. त्यांनी कोणत्या आकड्यावर पेरायचं?"

हा लेख कॉम्प्युटरबद्दल आहे. पण मला त्याची सुरुवात इथूनच करता येते, कारण कॉम्प्युटरच्या डब्यावरचा आकडा वाचायला मी उशिरा शिकले आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांना स्वतःला कॉम्प्युटर चालवता येत नव्हता.

२०१५. बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला. पप्पांनी सोसायटीतून कर्ज काढलं आणि आम्ही जिंतूरहून एसटीनं एका मोठ्या गावी गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. दुकानदारानं पप्पांना "साहेब, बसा" म्हणून चहा मागवला आणि एका दमात कॉन्फिगरेशन सांगितलं: आय-फाइव्ह प्रोसेसर, चार जीबी रॅम, एक टीबी हार्ड डिस्क, दोन जीबी ग्राफिक्स, साडेचारशे वॉटचा एसएमपीएस. बत्तीस हजार. मी एमएस-सीआयटी केलेली होती (आमच्या पिढीत जिल्ह्यातल्या कुणी केली नव्हती? एमकेसीएलनं २००१ साली हा कोर्स सुरू केला आणि रॅम म्हणजे काय हे अर्ध्या महाराष्ट्राला त्यातूनच कळलं). मला प्रत्येक शब्दाचा अर्थ येत होता. म्हणून मी मान डोलवली. माझी मान डोललेली बघून पप्पांनी पैसे मोजले.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मला हार्ड डिस्क ९३१ जीबीची दिसली. रॅमपुढं विंडोजनं लिहिलं होतं: चार जीबी, कंसात ३.२४ जीबी वापरण्यायोग्य. मी घाबरून पप्पांना बोलावलं. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं आणि सहज म्हणाले, "मृतसाठा धरला नसंल त्यानं."

ते विनोद करत नव्हते. आणि जवळपास बरोबर होते.

आधी त्या ९३१ चा हिशोब सांगते, कारण सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत निरागस प्रकरण आहे. डिस्क बनवणाऱ्या कंपन्या एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजतात. विंडोज दर पायरीला १,००० ऐवजी १,०२४ नं भागतं. बाइट तेवढेच, पण भागाकार वेगळा, म्हणून ९३१. जुन्या फ्लॉपीनं तर दोन्ही पद्धतींची खिचडी केली होती. तिच्यावरचे १.४४ एमबी म्हणजे १,४४० गुणिले १,०२४ बाइट. हा मेगाबाइट कोणत्याच व्याख्येत बसत नाही. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगानं, आयईसीनं, १,०२४ च्या पायरीसाठी किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं ठरवली. ती कुणी तोंडावर घेतली नाहीत. दुकानात जाऊन "४६५ गिबीबाइटची डिस्क द्या" म्हणून बघा.

पण अमेरिकेत लोक यावरून कोर्टात गेले. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलनं समझोता करून ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. २००७ मध्ये सीगेटनं पाच टक्के रक्कम परत किंवा सॉफ्टवेअर असा पर्याय दिला. दोघांनीही चूक कबूल केली नाही. डब्यावर मात्र बारीक अक्षरात एक ओळ पक्की झाली: एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट. ती ओळ आजही तुमच्या पेनड्राइव्हच्या पाकिटामागं सापडेल.

शाळेतल्या निबंधात आपण "मापात पाप" लिहायचो तेव्हा डोळ्यांपुढं तराजूत अंगठा ठेवणारा वाणी असायचा. आमच्या भागात, निजामाच्या राज्यात, शेर आणि पायली गावागणिक बदलायची. घेताना एक पायली आणि देताना दुसरी, अशा गोष्टी आजी सांगायची. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि १९५८ पासून किलो-लिटर टप्प्याटप्प्यानं सक्तीचे झाले तेव्हा तो खेळ आवरला. पण त्या कायद्यानं माप ठरवलं. काय मोजायचं ते नाही ठरवलं. कॉम्प्युटरच्या धंद्यातलं पाप पुढं त्याच फटीत वाढलं. किलो बरोबर भरायचा, पण तुम्हाला हवी ती वस्तू तराजूत नसायची.

मॉनिटरचं घ्या. काचेच्या जाड मॉनिटरच्या काळात पंधरा इंच म्हणजे आतल्या नळीचा कर्ण. तिची कड प्लॅस्टिकच्या चौकटीमागं जायची आणि चित्र दिसायचं साधारण १३.८ इंचाचं. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात यावर खटला झाला आणि ग्राहकांना नव्या मॉनिटरवर १३ डॉलरची सूट किंवा रोख ६ डॉलर असा समझोता निघाला. पैसे किरकोळच. पण त्यानंतर जाहिरातीत दोन आकडे आले: नळी इतकी, दिसणारं चित्र इतकं. एकूण आणि जिवंत. मला या खटल्याबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा पप्पांचीच आठवण झाली.

त्याच काळात आपल्याकडं टू-इन-वनवर आणि होम थिएटरवर पीएमपीओ छापलेलं असायचं. हजार वॉट, दोन हजार वॉट. घरातल्या पंख्याएवढी वीज खाणारा डबा दोन हजार वॉटचा आवाज कसा काढेल, हे गणपती मंडळातल्या कुणीच विचारलं नाही. पीएमपीओ म्हणजे एखाद्या क्षणापुरती, कागदावर निघणारी कमाल शक्ती. ती मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती, त्यामुळं तिला खोटंही म्हणता येत नव्हतं.

प्रोसेसरच्या बाबतीत आकडा होता मेगाहर्ट्झचा. जास्त म्हणजे चांगला, एवढंच ग्राहकाला माहीत. १९९६ च्या सुमाराला सायरिक्सनं १५० मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या चिपला पीआर२००+ असं नाव दिलं. अर्थ असा की ही चिप दोनशेच्या पेन्टियमएवढं काम करते. काही कामांत करायची, काहींत नाही. २००० च्या शेवटी इंटेलचा पेन्टियम फोर आला तो उलट बाजूनं. गिगाहर्ट्झ भरपूर, पण दर ठोक्याला काम कमी, आणि सुरुवातीचे पेन्टियम फोर काही कामांत आधीच्या पेन्टियम थ्रीपेक्षा मागं पडले. मग २००१ मध्ये एएमडीनं १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपचं नाव ॲथलॉन एक्सपी १८००+ ठेवलं. मला इथं एएमडीची बाजू थोडी पटते. समोरचा चुकीची पट्टी घेऊन उभा असेल तर त्याच पट्टीत आपली उंची सांगावी लागते. पण गिऱ्हाइकाच्या हाती शेवटी आकड्याऐवजी नाव आलं, आणि नावाला कोणतंही एकक नसतं.

माझ्या आय-फाइव्हचं हेच झालं होतं.

तिसऱ्या सेमिस्टरला मशीन आपोआप बंद पडायला लागलं. हॉस्टेलवर नांदेडचा एक सीनियर होता, त्याला बोलावलं. त्यानं बाजूचा पत्रा उघडला, एक छोटं सॉफ्टवेअर चालवलं आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "आय-फाइव्ह आहे, पण पहिल्या पिढीचा." आय-फाइव्ह ६५०. हा जानेवारी २०१० मध्ये आला, त्यात दोनच कोअर. मी घेतलं त्या २०१५ मध्ये नव्या डेस्कटॉप आय-फाइव्हमध्ये चार कोअर मिळत होते. पाच वर्षं जुनी चिप बहुधा कुठल्या तरी ऑफिसच्या भंगारातल्या मशीनमधून निघालेली. रॅमचं कोडं तिथंच सुटलं: दुकानदारानं ३२ बिटचं विंडोज टाकलं होतं, ते पूर्ण चार जीबी वापरूच शकत नाही. म्हणजे मृतसाठा फुकट दुरुस्त होण्यासारखा होता, फक्त मला दीड वर्ष कुणी सांगितलं नाही.

आणि एसएमपीएस. हे जरा सविस्तर सांगते, कारण घरात असेंबल्ड मशीन असेल तर तुम्ही आज संध्याकाळी स्वतः बघू शकता. वीजपुरवठ्याच्या डब्यावर एक तक्ता चिकटवलेला असतो. वर ठळक अक्षरात ४५० वॉट. खाली वेगवेगळ्या व्होल्टेजपुढं अँपिअर लिहिलेले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची बहुतेक वीज १२ व्होल्टच्या तारांतून येते. त्या रकान्यातल्या अँपिअरला १२ नं गुणा. माझ्या डब्यावर १४ अँपिअर होते. १६८ वॉट. बाकीचा आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांतून गोळा केलेला, आजच्या मशीनला फारसा न लागणारा. लेबल खोटं होतं का? नाही. उत्तर त्याच लेबलवर छापलेलं होतं. वीजगृहाबद्दल पप्पा हेच म्हणायचे. येलदरीचं वीजगृह साडेबावीस मेगावॉटचं, साडेसातची तीन जनित्रं. "ते साडेबावीस जनित्राचे. नदीचे नव्हेत. पाणी सोडलं तर वीज."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बिल घेऊन दुकानात गेलो. बिलावर एकच ओळ होती: कॉम्प्युटर सेट, १ नग, ३२,०००. दुकानदार शांत होता. "मॅडम, आय-फाइव्ह सांगितला होता. आय-फाइव्हच दिलाय. पिढी तुम्ही विचारलीच नाही." खरं होतं. मी विचारली नव्हती. पप्पा काही बोलले नाहीत. परतीच्या एसटीत मात्र त्यांनी ते बिल दोनदा घडी घालून खिशात ठेवलं आणि दोनदा काढून वाचलं. त्या एका ओळीत वाचण्यासारखं काही नव्हतं. कर्जाचा हप्ता पुढं आणखी अकरा महिने चालला.

आपणच मूर्ख, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं. नंतर नोकरीला लागल्यावर वाचत गेले तेव्हा कळलं, जगभरातले चांगले जाणकार लोकही असेच फसलेत.

सप्टेंबर २०१४ मध्ये एनव्हीडियानं जीटीएक्स ९७० नावाचं ग्राफिक्स कार्ड काढलं. डब्यावर चार जीबी मेमरी. चार महिन्यांनी वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की साडेतीन जीबीच्या वर गेलं की कार्ड अडखळतं. चौकशीअंती कंपनीला सांगावं लागलं की मेमरीचे दोन भाग आहेत, ३.५ जीबी वेगवान, आणि उरलेला अर्धा जीबी खूप हळू. कॅशेचा आणि आणखी एका अंतर्गत भागाचा आकडाही आधी चुकीचा सांगितला गेला होता. चार जीबी खोटे नव्हते, चार जीबीच्या चिपा कार्डावर होत्याच. पण अर्धा जीबी मृतसाठा होता आणि तो कुणी जाहीर केला नव्हता. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांना कार्डामागं ३० डॉलर द्यायचं ठरलं. भारतात ज्यांनी घेतलं त्यांना काहीच नाही.

एएमडीच्या २०११ च्या एफएक्स चिपांचंही तसंच. आठ कोअर म्हणून विकल्या, पण कोअर जोडीजोडीनं बांधलेले आणि दशांश-गणिताचा विभाग दर जोडीला एकच. दोन सुना आणि एक चूल. याला दोन संसार म्हणायचं की एक, यावर २०१५ मध्ये खटला उभा राहिला आणि २०१९ मध्ये १.२१ कोटी डॉलरवर मिटला. कोअर म्हणजे नक्की काय, हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आजही नाही.

अलीकडच्या वर्षांत या धंद्याची नवी रीत म्हणजे एकच नाव आणि आत वेगळा माल. जीटी ७३० नावाचं कार्ड २०१४ मध्ये निघालं तेव्हाच त्याचे तीन प्रकार होते. एका प्रकारात ९६ छोटे गणनभाग, बाकी दोनांत ३८४, आणि मेमरीही कुठं संथ डीडीआर३ तर कुठं वेगवान जीडीडीआर५. नाव तिन्हींचं तेच. २०२१ मध्ये काही एसएसडींबाबत परीक्षकांना आढळलं की समीक्षेसाठी आलेल्या मालात एक प्रकारची मेमरी होती आणि काही महिन्यांनी त्याच नावाच्या डब्यात दुसरी, जास्त संथ. लॅपटॉपमध्ये तर एकाच नावाचं ग्राफिक्स ८० वॉटवर चालतं की ११५ वर, हे कंपनी ठरवते, आणि वेगातला फरक एका पायरीएवढा पडू शकतो. २०२१ मध्ये बराच आरडाओरडा झाल्यावर हे वॉट लॅपटॉपच्या माहितीत लिहावेत असं एनव्हीडियानं कंपन्यांना सांगितलं. बघा कधी शोधून. सापडतात, पण पानाच्या तळाशी.

शुद्ध बनावट माल वेगळाच. जुन्या कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर बदलून ते विंडोजला नव्या कार्डाचं नाव सांगेल असं करायचं. हे इतकं बोकाळलं की २०१८ मध्ये जीपीयू-झेड या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरला बनावट एनव्हीडिया कार्ड ओळखण्याची सोय टाकावी लागली. मला या चोरांचा तुलनेनं कमी राग येतो. ते पकडले गेले तर निदान चोर ठरतात.

एक गोष्ट मात्र मला अजून चक्रावते. आमच्या जिंतूर तालुक्यात कुठल्याही कृषी केंद्रात जा. खताच्या पोत्यावर १०:२६:२६ छापलेलं असतं. नत्र, स्फुरद, पालाश, टक्क्यांत. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार अधिकारी नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि कमी भरलं तर गुन्हा. सोयाबीनच्या पिशवीला टॅग असतो, त्यावर उगवणशक्ती, किमान सत्तर टक्के. म्हणून फसवणूक होत नाही असं नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण टॅग होता म्हणून तक्रार तरी करता आली. "पिशवीत बियाणं होतं की नाही? होतं ना?" असं म्हणून दुकानदाराला सुटता आलं नाही. दीड हजाराच्या पोत्याला आत काय आहे ते टक्क्यांत सांगावं लागतं, आणि चाळीस हजारांच्या कॉम्प्युटरला "१ नग" चालतो. वेष्टनाच्या नियमांत वस्तूचं नाव, संख्या, किंमत, महिना, देश हे सगळं आहे. आतल्या प्रोसेसरची पिढी लिहा असं कुठं नाही.

तरी हातात काहीच नाही असंही नाही, आणि ते जे आहे त्यातलं बरंच महाराष्ट्रातून सुरू झालंय. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ चा. बियाण्यांच्याच एका खटल्यात, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये सांगितलं की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि प्रयोगशाळेत द्यायला त्यानं बियाणं राखून ठेवलं नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही. सगळं पेरूनच टाकणार ना तो. मला हा निकाल फार आवडतो. त्यात ग्राहकाकडून तंत्रज्ञ असण्याची अपेक्षा नाही.

२०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात येलदरीतल्या माणसासाठी सगळ्यांत मोठा बदल हा की तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेता बंगळुरूत असो की दिल्लीत, परभणीचा जिल्हा आयोग चालतो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात, असं व्याख्येतच आहे. जुना किंवा पुन्हा जुळवलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित प्रथा. बिल न देणं हीसुद्धा. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही.

हे सगळं मला पाठ झालं ते मागच्या वर्षी, मावसभावामुळं. त्यानं डिप्लोमाला ॲडमिशन घेतली आणि मला न विचारता ऑनलाइन एक "गेमिंग पीसी" मागवला. आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, एक टीबी, नवीन, एक वर्ष वॉरंटी, एकोणीस हजार. आय-सेव्हन हे नाव २००८ पासून चालत आलंय, म्हणजे त्या नावाखाली पंधरा वर्षांचा माल विकता येतो. व्हिडिओ कॉलवर मी त्याला सीपीयू-झेड चालवायला लावलं. आय-सेव्हन २६००. जानेवारी २०११ चा, माझ्या फसलेल्या आय-फाइव्हपेक्षा एका वर्षानं लहान. मग हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात एक रकाना असतो, डिस्क एकूण किती तास चालली. नव्या डिस्कवर तिथं दोन-चार तास दिसायला हवेत. तिथं होते २६,३१२. दिवसरात्र चालू राहिली तर तीन वर्षं.

"ताई, मग खोटं बोलले का ते?"

आय-सेव्हनबद्दल नाही. "नवीन" या एका शब्दाबद्दल, हो.

आम्ही सगळी भांडणं सोडून तोच शब्द धरला. वेग कमी आहे, गेम चालत नाही, हे लिहायचंच नाही. त्यावर ते "सेटिंग बदलून बघा" म्हणतात. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तासांचा स्क्रीनशॉट, चिपचं नाव आणि बिल. विक्रेत्याचं उत्तर तीनदा तेच आलं, वस्तू वर्णनाप्रमाणे आहे. मग बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं. त्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निपटारा करावा लागतो. त्याच दिवशी १९१५ वर फोन. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, कंपनीकडं तक्रार पोचवते, आदेश आयोगाचाच. आम्ही परभणीला अर्ज करायची तयारी करून ठेवली होती. सतराव्या दिवशी माणूस येऊन खोका घेऊन गेला, आणि आठवड्यानं पैसे आले. वर्णनाचं पान मात्र मी परवा पाहिलं, तसंच आहे. विक्रेत्याचं नाव तेवढं बदललंय.

नंतर भावानं मशीन दुकानातून घ्यायचं ठरवलं. मी पुण्यात अडकलेली, म्हणून त्याच्यासोबत पप्पा गेले. आता रिटायर झालेत, वेळ भरपूर. मी त्यांना व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती: प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि शेवटचं अक्षरसुद्धा, मदरबोर्डचं मॉडेल, रॅम किती आणि कोणत्या वेगाची, एसएसडीचं मॉडेल, एसएमपीएसच्या बारा व्होल्टपुढं किती अँपिअर, प्रत्येकाचा सीरियल नंबर, प्रत्येकाची वॉरंटी किती आणि कुणाची. मला वाटलं होतं दुकानदार वैतागेल. पप्पांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"काका, एवढं कुणी लिहून घेत नाही बिलावर."

"आम्ही रोजची नोंद ठेवायचो," पप्पा म्हणाले. "पस्तीस वर्षं. लिहा तुम्ही, मला घाई नाही."

थोड्या वेळानं दुकानदारानं पोराला हाक मारली. बिलबुकाच्या पानावर बाराच ओळी होत्या, त्याला खाली दुसरं पान जोडावं लागत होतं.